विनापरवाना हवेली

भुताच्या सिनेमात मला भुताची भीती कधी वाटली नाही. भूत शेवटी ओळखीचंच निघतं. पांढरी साडी, मोकळे केस, हातात मेणबत्ती आणि गळ्यात लताबाईंचा आवाज. एवढा गोड गळा असलेल्या बाईला माणसानं घाबरायचं तरी किती? मला भीती वाटायची ती जिन्याची. दिवाणखान्यातून ऐटीत वळसा घेत वर जाणारा तो रुंद जिना वर नेमका कुठे पोचतो, हे आजवर कुणालाही कळलेलं नाही. नायक पायऱ्या चढतो आणि पुढच्या क्षणी एका लांबलचक बोळात असतो. हा बोळ बाहेरून दिसलेल्या हवेलीपेक्षा लांब असतो. बोळाच्या टोकाला दार, दाराबाहेर गच्ची, गच्चीखाली दरी. आणि बाहेरून पाहावं तर हवेलीवर उतरतं छप्पर! मग गच्ची आली कुठून?

हा प्रश्न मुळात माझ्या मामांचा. आमचं आजोळ इगतपुरीचं आणि मामा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर. सगळी नोकरी ओळंबा, गुण्या आणि मेजरमेंट बुक यांच्या संगतीत गेलेली. त्यामुळे कुणाच्याही घरात शिरताना यजमानांच्या आधी त्यांची नजर लिंटेलकडे जाते. मामीला बघायला गेले तेव्हा पोहे खाताखाता वर पाहून ते म्हणाले होते, "स्लॅबला तडा आहे, बाकी पसंत आहे." मामी हे अजून सगळ्यांना सांगते. तडा तिच्या माहेरी अजून आहे.

अशा माणसाबरोबर भुताचा सिनेमा पाहायला बसणं म्हणजे साइट व्हिजिटलाच जाणं. मध्यरात्रीचा प्रसंग, वारा सुटलाय, पडदे फडफडताहेत, नायिका एकटी खिडकीपाशी उभी. आम्ही पोरं उशीआडून बघतोय, आणि मामा म्हणतात, "थांबव. मागे घे जरा. ती खिडकी बघ."

"अहो, तिच्या मागे भूत उभं आहे," मामी.

"भूत असू दे. खिडकीला छज्जा नाही. आपल्या इगतपुरीत पहिल्या पावसात पाणी थेट पलंगावर."

तेव्हा हसू यायचं. पुढे माझंही तसंच झालं. भूत दिसेनासं झालं आणि त्याच्या मागची भिंत दिसायला लागली. एकदा भिंत दिसली की हिंदी भूतपटांतली कोडी संपता संपत नाहीत. दिवाणखान्यात हत्ती भाजता येईल एवढी फायरप्लेस असते, छपरावर धुराडं नसतं. वीस फूट उंचीच्या मजल्याला सात इंची पायऱ्या धरल्या तर चौतीस लागतात. नायिका डझनभरात वर पोचते. शंभर मेणबत्त्यांचं झुंबर पेटलेलं असतं आणि हवेलीत माणूस एकच. तोही वाकलेला, खोकणारा, कंदील धरलेला म्हातारा नोकर. ते झुंबर कप्पीवरून खाली घेऊन, शंभर वाती लावून, परत वर चढवलं कुणी? ज्यानं ते केलं त्यानं त्याच शिडीवरून कोळिष्टकं का काढली नाहीत? आणि सगळ्यांत गंभीर बाब म्हणजे खोल्या चाळीस, पण मोरी एकही नाही. मामांच्या मते हवेलीत बायका रात्री-अपरात्री दिवा घेऊन का फिरतात याचं खरं कारण इथे आहे. बिचाऱ्या शोधत असतात.

इगतपुरीकरांना हा विषय परका नाही, कारण हिंदी सिनेमातल्या एका नामांकित भुताचा इगतपुरीशी घरोबा आहे. बिमल रॉय यांचा 'मधुमती', १९५८. कथा ऋत्विक घटकांची, संवाद राजिंदर सिंग बेदींचे, संगीत सलील चौधरींचं, संकलन हृषीकेश मुखर्जींचं. दिलीपकुमार, वैजयंतीमाला, प्राण, जॉनी वॉकर. नऊ फिल्मफेअर पारितोषिकं मिळाली आणि तो विक्रम पुढे साडेतीन दशकं टिकला. मंडळी नैनीताल-राणीखेतकडे आउटडोअरला गेली, काही आठवडे राहिली, डोंगर आणि धुकं टिपून परत आली. फिल्म धुतल्यावर लक्षात आलं की बराचसा भाग फॉग होऊन खराब झालाय. धुकं टिपायला गेले आणि फिल्मच धुकट निघाली. पुन्हा नैनीतालला जाणं खर्चाच्या हिशेबात बसेना. तेव्हा कुणाला तरी इगतपुरी आठवली. मुंबईपासून गाडीनं काही तासांवर, डोंगर आहेत, दऱ्या आहेत. अडचण एवढीच की पाइन नाहीत.

मग कलादिग्दर्शक सुधेंदु रॉय यांनी वैतरणेच्या परिसरात खोटे पाइन लावले! नैनीतालच्या दृश्यांशी जुळावेत असे, बनवून, जमिनीत रोवून. साग, ऐन, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या यांच्यात वाढलेल्या एखाद्या गुराख्याला काय वाटलं असेल, याची कल्पना करा. काल मोकळा असलेल्या माळावर आज रान उभं आहे, पान एकही हलत नाही, आणि गाय एकदा तोंड लावून नाराज होऊन परत येते. भूतपटाच्या शूटिंगमध्ये खरं भूत दिसलं असेल तर ते त्या गुराख्याला.

यातली खरी मौज पुढे आहे. सिनेमाचा नायक आनंद हा कोण? श्यामनगर टिंबर इस्टेटचा मॅनेजर. लाकूडतोड कंपनीचा माणूस! झाडांचा हिशेब ठेवायचा म्हणून पगार घेतो, आणि त्याच्या ताब्यातली अर्धी झाडं सुताराच्या हातची. मामा म्हणतात, असा स्टॉक दाखवून आम्हाला कुणी बिल काढू दिलं नसतं.

'वैतरणा धरणाजवळ शूटिंग झालं' असं सगळे लिहितात, तेव्हाही मामा हात वर करतात. कुठलं धरण? मोडकसागर पार खाली, इगतपुरीपासून दूर. पर्यटक हल्ली ज्या अप्पर वैतरणेच्या पाण्यापाशी फोटो काढतात ते धरण बांधून झालं १९७०च्या दशकात. त्यामुळे 'मधुमती'च्या वेळी इथे धरण नव्हतं, नदी होती. खोटे पाइन काढून नेले आणि खरं धरण आणून ठेवलं, असा आमच्या तालुक्याचा व्यवहार झाला.

धुक्याचंही तसंच. इगतपुरीत पावसाळ्यात धुकं मागावं लागत नाही, ते दारातून आत येऊन बसतं. समोरच्या घरातली बाई अंगणात आली की नाही हे तिच्या खोकल्यावरून ओळखायचं. पण या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. धुकं असतं तेव्हा कॅमेरा बाहेर काढता येत नाही, कॅमेरा बाहेर काढता येतो तेव्हा धुकं नसतं. म्हणून युनिटनं गॅसचे बॉम्ब फोडून धूर केला आणि आरशांवरून ऊन परावर्तित करून रानात मंद उजेड आणला. दिलीपकुमार ज्या धुक्यात वैजयंतीमालेला शोधत फिरतो ते धुकं असं बनवलेलं. चार महिने फुकट धुक्यात चाचपडणाऱ्या गावात बाहेरून धूर आणावा लागला, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

आता हवेलीकडे वळू. 'मधुमती'तल्या खलनायकाची, राजा उग्रनारायणाची हवेली बाहेरून डोंगराळ मुलखात उभी, आतून सुधेंदु रॉय यांनी रचलेल्या सेटवर. याचा अर्थ असा की दार आतून उघडलं ते स्टुडिओत, पाय बाहेर पडला तो इगतपुरीच्या रानात, आणि समोर दिसली ती दरी नैनीतालची. एका उंबरठ्याची लांबी हजार-दीड हजार किलोमीटर! त्या काळच्या हिशेबानं अर्धं घर मुंबई राज्यात आणि अर्धं उत्तर प्रदेशात. घरपट्टी भरायची कुठे? वैजयंतीमालेनं या सिनेमात मधुमती, माधवी आणि राधा अशा तीन भूमिका केल्या म्हणून तिचं कौतुक झालं. हवेलीनंही तेवढ्याच गावांत राहून एकच भूमिका केली, तिचं नाव कुणी घेत नाही. कलादिग्दर्शनाचं फिल्मफेअर सुधेंदु रॉय यांना मिळालं, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

माझं म्हणणं असं की भूतपटात घाबरवतं ते घर. भूत नुसतं निमित्ताला येतं. आपल्याला घराचा नकाशा माहीत नसतो आणि भुताला असतो, एवढ्यावर सगळा खेळ चालतो. ओळखीच्या घरात अंधारातही माणूस बरोबर स्विचपाशी जातो. अनोळखी घरात भर दुपारी बाथरूम सापडत नाही आणि दुसऱ्याच खोलीचं दार उघडून ओशाळायला होतं. सिनेमावाले आपल्याला तीन तास पाहुणा करून ठेवतात. आणि घराचा नकाशा जुळत नसेल तर पाहुणा कधी रुळतच नाही. हिंदीतले हे सिनेमे कलादिग्दर्शकांच्या हातात गेले ते उगाच नाही. 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'कोहरा' (१९६४) दिग्दर्शित करणारे बिरेन नाग मूळचे कलादिग्दर्शक. भुताचा पत्ता ज्याच्याकडे, त्याच्याकडेच सिनेमा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' (१९८०) घ्या. त्यातलं हॉटेल बाहेरून अमेरिकेतल्या ओरेगॉनचं, आतून इंग्लंडमधल्या स्टुडिओतलं. म्हणजे 'मधुमती'चीच युक्ती, बावीस वर्षांनंतर. त्यात मॅनेजरच्या ऑफिसात त्याच्या पाठीमागे एक झकास खिडकी आहे, बाहेरचा उजेड येतोय, झाडंझुडपं दिसताहेत. पण पात्रं ज्या बोळांतून फिरतात ते बोळ मनात जोडत गेलं तर लक्षात येतं की हे ऑफिस इमारतीच्या पोटात आहे. खिडकीबाहेर आकाश असूच शकत नाही, असला तर आणखी एक बोळ. या एका खिडकीवर जगभर वाद झडलेत. कुब्रिकनं ती मुद्दाम ठेवली, म्हणजे पाहणाऱ्याला कळत नकळत अस्वस्थ वाटावं, असं एक मत. सेटवर सोयीनं ठेवली गेली, असं दुसरं. मी हा वाद मामांपुढे मांडला. ते म्हणाले, "चुकलेलं काम मुद्दाम केलंय असं पटवता आलं की बिल निघतं. तुमचा तो कुब्रिक पीडब्ल्यूडीत चालला असता."

'१९२०' (२००८) या सिनेमात पालमपूरची म्हणून जी हवेली दिसते ती इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा एक किल्लेवजा महाल आहे. हिमाचलात गॉथिक मनोरे! त्याबद्दल मामा काही बोललेच नाहीत, नुसते उठून झोपायला गेले.

याउलट आपले मराठी वाडे. त्यांच्यात कोडी कमी नाहीत, पण प्रत्येक कोड्याला उत्तर आहे. मोठ्या दरवाजाच्या पोटात छोटा दिंडी दरवाजा कशाला? येणाऱ्यानं वाकून, एकेकट्यानं आत यावं. डोकं आधी आत येतं, हत्यार मागून. दाराला अडसर असतो तो भिंतीतल्या भोकात सरकतो आणि सकाळी परत ओढून काढायचा. नवख्याला वाटतं भिंतीतून लाकूड बाहेर येतंय. जिना भिंतीच्या जाडीत असतो, अंधारा, अरुंद, पायऱ्या गुडघ्याएवढ्या. वर जाणारा दमला पाहिजे आणि वर उभा असलेल्याला एका काठीनं त्याला अडवता आलं पाहिजे. भिंतीत धान्याचं बळद, जमिनीत पेव. भर दुपारी मिट्ट काळोख असलेलं माजघर. आणि बाळंतिणीची खोली, जिला खिडकी म्हणून जे असतं त्यातून मांजरही निघणार नाही. असल्या घरात भूत आणायचं तर सेट लागत नाही, नुसता दिवा मालवला की पुरतं.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'नं (२०१८) हे बरोबर ओळखलं. त्यातला वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा. सिनेमातलं गाव कोकणातलं आणि वाडा देशावरचा, हा घोळ आहेच. पण भिंती खऱ्या आहेत आणि पाऊसही खरा पाहिजे म्हणून मंडळी पावसाळ्यांची वाट पाहत राहिली. मामांना सिनेमा आवडला. हस्तर कोण, तो कशाला कोंडलाय, सोनं कसलं, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. "चिरेबंदी काम आहे," एवढंच म्हणाले आणि त्यातली माणसं विहिरीत दोर सोडून उतरतात त्यावर बराच वेळ विचार करत बसले. कप्पी कुठल्या तुळईला अडकवलीय हे त्यांना पाहायचं होतं. सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं 'रात्रीस खेळ चाले'चं घरही असंच खरं. मालिका ऐन भरात असताना लोक गाड्या करून ते पाहायला जायचे. घर पाहायला जायचे हे लक्षात घ्या, भूत पाहायला नव्हे.

फ्लॅटमधल्या भुताचं मात्र अवघड आहे. राम गोपाल वर्मांचा 'भूत' (२००३) मुंबईच्या एका टॉवरमध्ये घडतो. ऊर्मिला मातोंडकरनं घाबरवलं खरं, पण टू बीएचकेचा नकाशा प्रत्येकाला पाठ. हॉल, किचन, दोन बेडरूम आणि बिल्डरनं बाल्कनी धरून फुगवलेला एरिया. भूत लपून लपणार कुठे?

आमच्या नाशिककडे तर जुनी घरं उरलीही नाहीत. 'मधुमती'चा देवेंद्र, म्हणजे आनंदचाच पुढचा जन्म, वादळी रात्री पडक्या हवेलीत आसऱ्याला येतो, आणि त्याला मागच्या जन्मीचं सगळं आठवायला लागतं. भिंतीवरचं चित्र आपणच काढलं होतं, हेसुद्धा. नाशिकला आता हे घडणं शक्य नाही. पाच वर्षांनी आलेल्या माणसाला ह्याच जन्मातली गल्ली ओळखू येत नाही. वाड्याचा रीडेव्हलपमेंटमध्ये गेलेला आत्मा चौथ्या मजल्यावर पार्किंगसकट पुन्हा जन्म घेतो, आणि त्याला मागचं काहीही आठवत नाही.

आमच्या घाटात रेल्वेनं जे बांधलंय ते पाहून मात्र मामांचा जीव थंड होतो. थळ घाटातली लाइन १८६५ साली सुरू झाली. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कळत नाही की गाडी ओढताहेत की ढकलताहेत. त्याहून चमत्कारिक म्हणजे कॅच सायडिंग. मुख्य मार्गापासून एक रूळ फुटतो, डोंगराच्या अंगानं चढत जातो आणि तिथेच संपतो. स्टेशन नाही, फलाट नाही, गोदाम नाही. सिनेमात दाखवला असता तर प्रेक्षक म्हणाले असते, हा रूळ नक्की परलोकात जातो. तो रूळ माणसं परलोकात जाऊ नयेत म्हणून आहे. उतारावर एखाद्या गाडीचा ताबा सुटला तर तिला त्या चढावर वळवायचं, म्हणजे तिचा वेग आपोआप मरतो. निरुपयोगी दिसणारी एवढी उपयोगी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. मामा म्हणतात, विचित्र बांधायला हरकत नाही, पण विचारलं की कारण सांगता आलं पाहिजे.

ह्याच कसोटीवर 'मधुमती'चा शेवट तपासला की मामांचा आवाज चढतो. आनंद बेत करतो: रात्री बरोबर आठाच्या ठोक्याला मेलेल्या मधुमतीसारखी दिसणारी माधवी राजापुढे भूत म्हणून येईल, राजा घाबरून तिच्या मृत्यूचा गुन्हा कबूल करेल. रात्री आठ ही वेळच मामीला मुळात पटत नाही. "आठ वाजता कसलं भूत? कुकर व्हायचा असतो." तरी ती येते, राजा कबूल करतो आणि खोलीबाहेर थांबलेले पोलीस ते ऐकून त्याला पकडतात. इथे मामांची पहिली हरकत. असल्या इमारतीची भिंत दीड-दोन फुटांची. आमच्या जुन्या घरात माजघरातून जेवायला हाक मारली तर ओसरीवर ऐकू यायची नाही. पोलिसांना बाहेर उभं राहून कबुलीजबाब शब्दन् शब्द ऐकू आला?

दुसरी हरकत मोठी आहे. खरी माधवी उशिरा धावतपळत येते आणि कळतं की मघाशी येऊन गेली ती मधुमती, खरीखुरी. ती पुढे, आनंद मागे, असे ते गच्चीवर जातात, आणि जिथून पूर्वी मधुमती पडली तिथूनच आनंदही पडतो. सगळं थिएटर रडतं. मामा रडत नाहीत, ते चिडतात.

"एकाच गच्चीवरून, एकाच जागेवरून, दोन माणसं! पहिल्या अपघातानंतर काय केलं त्या राजानं?"

"मामा, तो खलनायक आहे."

"खलनायक असला म्हणून काय झालं? राहतो ना त्याच घरात? कठडा नको? मीटरभर उंच कठडा घातला असता तर ना मधुमती गेली असती ना हा. सिनेमा दुसऱ्या रिळात संपून दोघं संसाराला लागली असती."

"कठडा असेलही मामा, दिसला नसेल."

"असलाच तर नियमात बसणारा नव्हता. दोन माणसांनी ते सिद्ध करून दाखवलंय."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पुनर्जन्म, विरह, जन्मोजन्मीची प्रीत हे सगळं त्या कठड्याच्या नसण्यावर उभं आहे. शंभरेक विटा आणि सिमेंटच्या दोन गोण्या पडल्या असत्या तर आनंदला देवेंद्र म्हणून पुढचा जन्म घ्यायचं कारणच उरत नव्हतं. थोर शोकांतिकांच्या मुळाशी बांधकामातली हयगय असते, हे मामांचं मत मी आता निमूटपणे मान्य करतो.

अजून एक बाब आहे, आणि ती इगतपुरीबाहेरच्या माणसाला सुचायची नाही. भुताच्या सिनेमात वादळी पावसाळी रात्री दार आपोआप उघडतं, कर्र असा आवाज करत, सावकाश. आमच्याकडे जून ते सप्टेंबर दार उघडतच नाही. सागवानी दार असो की फ्लश डोअर, पाणी पिऊन इतकं फुगतं की चौकटीत घट्ट बसतं. मग कडी धरून वर उचलायचं, खांदा लावायचा आणि खालच्या कोपऱ्याला उजव्या पायाची लाथ मारायची. प्रत्येक दाराची लाथेची जागा ठरलेली असते, घरच्यांना ती माहीत असते, पाहुण्याला सांगावी लागते. दार उघडलं की परत लागत नाही, म्हणून मामी मागचं दार सुतळीनं बांधून ठेवते. अशा घरात भुतानं आपोआप दार उघडून दाखवावंच. आणि बिजागऱ्या करकरण्याचा प्रश्न नाही, त्या गंजून एकजीव झालेल्या असतात.

पांढऱ्या साडीचंही बोलायला हवं. इगतपुरीत पावसाळ्यात साडी वाळत नाही. स्वयंपाकघरात दोरीवर तीन दिवस लोंबते, मग इस्त्रीनं अर्धी वाळवतात, अर्धी अंगावर वाळते. चौथ्या दिवशी तिच्यावर काळे बारीक ठिपके येतात आणि ते मरेपर्यंत जात नाहीत. मेल्यावरही जात असतील असं वाटत नाही. त्यामुळे पावसाळ्यात शुभ्र, कोरडी, वाऱ्यावर उडणारी पांढरी साडी नेसलेली बाई दिसली तर आमच्याकडचे लोक घाबरतील, यात शंका नाही. पण लगेच जवळ जाऊन विचारतील, "बाई, तुम्ही कपडे वाळवता कुठे?"

आमच्या आसपास भावली, वैतरणा, घाटाचा कडा, सगळीकडे शूटिंगवाले येतात, त्यात भूतपटवालेही असतात. त्यांना इगतपुरीकरांतर्फे विनंती आहे. भूतपट करायचा तर जुलैत या. पाइन आणू नका, गॅस आणू नका, पंखा आणू नका; धुकं, पाऊस आणि वारा आम्ही पुरवू. हवेली दाखवाल तर जिना वर कुठे जातो ते आधी ठरवून ठेवा, कारण इथे एक निवृत्त ओव्हरसियर विचारायला येणार आहेत. गच्चीला मीटरभर कठडा घाला. आणि दार आपोआप उघडण्याचा शॉट असेल तर दाराच्या आतल्या बाजूला लाथ मारायला दोन धट्टीकट्टी माणसं जादा घेऊन या.